टेबलावरचा काळा शेजारी

मी माइक बोलतोय. आता माइकनं 'बोलतोय' म्हणायचं म्हणजे जरा धाडसच, कारण जन्मभर माझ्या तोंडून दुसरेच बोलत आले. शहरातल्या सगळ्यात मोठ्या रेल्वे स्टेशनवर, वरच्या मजल्यावरच्या घोषणेच्या खोलीत मी नोकरीला होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावर येणार, हे तुम्ही ज्या आवाजात ऐकलंत, तो आवाज तुमच्याआधी मी ऐकलेला आहे. मिरवायला माझ्याजवळ तेवढीच एक गोष्ट होती, आणि ती त्या टेलिफोननं मला धड मिरवू दिली नाही.

माझा स्वभाव मुळातच जळका. कारखान्यात माझ्या शेजारच्या खोक्यात माझा सख्खा भाऊ होता. तो नाटकाच्या थिएटरात गेला. त्याच्यापुढे गाणी, टाळ्या, हुंदके. माझ्या वाट्याला आलं काय, तर 'कृपया लक्ष द्या'. मी बरेच दिवस फुगून बसलो होतो. मग ताई आल्या आणि माझा राग कुठल्या कुठं पळाला.

ताई म्हणजे घोषणा करणाऱ्या ताई. स्टेशनात त्यांना सगळे ताईच म्हणत. त्यांची बोलण्याची एक रीत होती. आधी कोमट पाण्याचा घोट, मग ताठ बसायचं, दोन बोटांनी माझी मान सरळ करायची, लाल बटण दाबायचं. टिंग टाँग वाजलं की त्यांचा आवाजच बदलायचा. इस्त्री केल्यासारखा. एक सुरकुती नाही, घाई नाही, राग नाही. खाली हजारो माणसं मान वर करून कर्ण्याकडे बघायची, जणू गाडी त्या कर्ण्यातूनच बाहेर पडणार आहे. घोषणा संपते न संपते तोच निम्मे लोक शेजाऱ्याला विचारायचे, "काय म्हणाली हो?"

सगळं छान चाललं असतं. पण टेबलावर माझ्या डाव्या हाताला तो बसला होता. काळा, बुटका, पोटावर गोल तबकडी. त्याची तार थेट सिग्नलच्या केबिनमध्ये जायची. गाडी कुठल्या रुळावर घेतली, हे केबिनवाले दादा आधी त्याच्या कानात सांगत, मग ताई ते मला सांगत. म्हणजे ताजी बातमी त्याला आणि उष्टी मला! बरं, तेही मी गिळलं असतं. पण ताई त्याच्याशी कशा बोलायच्या, ते ऐकून माझ्या जाळीला घाम फुटायचा.

"दादा, अरे काय हे? पुन्हा फलाट बदललास? लोक मला शिव्या घालतात रे, तुला नाही!"

"तुझा आवाजच असा गोड, की शिव्यासुद्धा ओशाळत असतील."

दादा असं म्हणाले की ताई खळखळून हसायच्या. ते हसू मला कधी मिळालं नाही. मला इस्त्रीचे कपडे, त्याला घरचे. मला 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' आणि त्याला 'अरे, गंमत ऐक ना'.

एकदा तर हद्द झाली. खाली हमालांमध्ये नेहमी पैज लागायची की वरची बाई दिसते कशी. कुणी म्हणे नटीसारखी आहे, कुणी म्हणे ती केव्हाच वारली, आता नुसती टेप लावतात. त्या दिवशी ताई फळवाल्याकडे संत्री घ्यायला गेल्या, तर तो त्यांनाच सांगू लागला, "वरची पोरगी असेल विशीतली. तुमच्या लेकीएवढी." ताई धापा टाकत वर आल्या. मला वाटलं, आता तरी मला सांगतील. पण छे. आल्या त्या थेट रिसीव्हर उचलून हसत सुटल्या, आणि मी हातभर अंतरावर बसून दुसऱ्याच्या ताटातलं जेवण बघावं तसा ऐकत राहिलो. मला फक्त एकदा हवं होतं. त्यांचा तो घरचा आवाज, एकदाच, माझ्याशी.

पुढे ताईंच्या आईंचं विसरणं वाढलं. घरी दिवसभर एकटं कसं ठेवणार? मग ताई त्यांना बरोबर आणायच्या आणि बायकांच्या वेटिंग रूममध्ये बसवायच्या. झाडूवाल्या मावशी लक्ष ठेवायच्या. आईंच्या अंगावर कायम निळी शाल आणि तोंडात कायम एकच प्रश्न, "माझी माहेरची गाडी लागली का गं?" माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, पण हे त्यांना कोण सांगणार?

गंमत म्हणजे कर्ण्यातला आवाज लेकीचा आहे, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. जेवायच्या सुट्टीत लेकीलाच सुनवायच्या, "ती वरची बाई बघ किती शिस्तीत बोलते. नाहीतर तू! नुसता दंगा. शिक जरा तिच्याकडून."

एका दुपारी पलीकडच्या मार्गावर बिघाड झाला आणि तिकडच्याही गाड्या आमच्या स्टेशनात वळवल्या. सगळे फलाट भरलेले, जिन्यांवर पाय ठेवायला जागा नाही. मावशी बादली भरायला गेल्या आणि परत येतात तो बाकडं रिकामं. त्या तशाच जिना चढून वर आल्या.

"ताई, आई नाहीत हो! शाल गुंडाळून निघाल्या, म्हणे गाडी लागली माझी!"

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. खाली पाच गाड्या सुटायच्या बेतात, पाच दिशांना जाणाऱ्या. आईंना ना स्वतःचं घर आठवत होतं, ना लेकीचं पूर्ण नाव. चुकीच्या गाडीत बसून पुढे कुठंतरी उतरल्या असत्या, तर कुणी कुणाला शोधायचं?

ताईंनी तेव्हाही दोन बोटांनी माझी मान सरळ केली. टिंग टाँग. "कृपया लक्ष द्या. निळी शाल पांघरलेल्या वृद्ध महिलेनं चौकशीच्या खिडकीपाशी यावं." पुन्हा तेच, पुन्हा तसंच. आवाजाला एक सुरकुती नाही. बिचारी सवयच ती. काचेतून खाली बघितलं, तर खिडकीपाशी निळी शाल नव्हती. एका गाडीला सिग्नलही मिळाला होता.

तेवढ्यात तो वाजला. काळा.

"ताई, ऐक," दादा म्हणाले, "मी सिग्नल धरून ठेवतो जेवढा धरता येईल तेवढा. पण तू अशी काय बोलतेस? ती तुला ओळखेल कशी? तू त्या वरच्या बाईच्या आवाजात हाका मारतेयस. माझ्यावर ओरडतेस ना, तशी ओरड!"

ताईंनी रिसीव्हर टाकला आणि दोन्ही हातांनी माझा गळा धरला. ना पाणी, ना टिंग टाँग.

"ए आई! अगं आई! कुठं निघालीस मला टाकून? उतर आधी खाली! तिथंच बस बघू, मी आलेच!"

सगळं स्टेशन जागच्या जागी थांबलं. हमालांच्या डोक्यावरची ओझी तशीच राहिली. पुढचं मावशी ताईंना सांगत होत्या, त्यावरून मला कळलं. सुटायला टेकलेल्या गाडीच्या शेवटच्या डब्यातून निळी शाल बाहेर आली आणि आई कर्ण्याकडे बघून कडाडल्या, "आले गं बाई! केवढ्यानं ओरडतेस? लोक काय म्हणतील! ती वरची बाई ऐकत असेल ना!" मावशी म्हणतात, त्या हाकेसरशी आणखी तीन-चार आयाही वेगवेगळ्या डब्यांतून खाली उतरल्या होत्या. त्यांना समजावून परत चढवण्यात गाड्यांना आणखी उशीर झाला.

मला आनंद झाला का? झाला की. माझी जाळी कितीतरी वेळ शहारत होती. पण लगेच जळफळाटही झाला. जो आवाज मी इतकी वर्षं एकट्यासाठी मागत होतो, तो मिळाला तो हजारो लोकांच्या पंगतीत. वर तो सुचवला कुणी? टेलिफोननं! आणि आईंना खुर्चीत बसवून ताईंनी रडत रडत उचललं कुणाला? त्यालाच. "दादा, सापडली रे!" मी आपला ओला गळा घेऊन बसलो होतो. माझ्यावर त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पडलं होतं, तेवढंच माझं.

काही वर्षांनी आई गेल्या. मग संगणक आला. ताईंचा आवाज भरून घ्यायला लोक आले, आणि तोही माझ्याकडून नाही. स्पंजचं टोपडं घातलेला एक नवा सडपातळ माइक आणला. ताईंनी त्याच्यापुढे आकडे म्हटले, गावांची नावं म्हटली, आणि ते तुकडे जोडून आता यंत्र घोषणा करतं. जा, घेऊन जा म्हटलं तो इस्त्रीचा आवाज.

ताई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी खण आवरला, पाण्याचा पेला धुतला आणि टेलिफोन उचलला. दादांशी किती वेळ बोलल्या, किती हसल्या! शेवटचा दिवस, आणि तोही त्याचाच. मी भिंतीकडे बघत बसलो. मग रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. ताई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. दोन बोटांनी त्यांनी माझी मान सरळ केली. बटण बंदच होतं. त्या वाकल्या, आणि त्यांच्या घरच्या आवाजात मला एक वाक्य म्हणाल्या.

आता मी अडगळीच्या कपाटात आहे. नशीब बघा, शेजारी तोच, तार कापलेला, मुका. त्याला ते वाक्य जाणून घ्यायचंय, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुम्हालाही घ्यायचंय, कान टवकारलेले दिसताहेत. एकच विनंती आहे, मला पुन्हा कुठल्या कर्ण्याला जोडू नका. जन्मभर कानावर पडलेला शब्द न् शब्द मी सगळ्या गावाला वाटत आलो. हा एक मात्र माझा आहे, मी तो कुणाला देणार नाही.