गोधडीखालचा संशय

मी एक जुनी शेगडी आहे, मित्रांनो. पण चुलीशेजारी मांडून ठेवायची नव्हे. माझ्या डोक्यावर बुटके मेज आहे. मेजावरून चहूबाजूंनी जमिनीपर्यंत लोळणारी जाड गोधडी आहे आणि माझी सगळी ऊब त्या गोधडीच्या आत आहे. माणसे माझ्याभोवती जमिनीवर बसतात, गोधडी उचलून पाय आत सारतात आणि 'हुश्श' करतात. मला कोतात्सु म्हणतात. बाहेर तोंडे काय बोलतात ते मला ऐकू येते आणि आत पाय काय करतात ते मला दिसते. या दोहोंचा मेळ क्वचितच बसतो. त्यामुळे माझा स्वभाव जरा संशयी झाला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

जपानातल्या शिन्शूच्या डोंगरातल्या एका सुताराने मला चेस्टनटच्या लाकडातून घडवले. या घरच्या यासाबुरोचे लग्न ठरले होते आणि थंडीत येणाऱ्या नव्या नवरीसाठी मी होते. ती नवरी म्हणजे त्सुरुयो. पहिल्याच संध्याकाळी तिने आपले बर्फासारखे पाय माझ्या पोटाशी आणले, तो गारवा मला अजून आठवतो. तेव्हा माझ्या आत मातीच्या भांड्यात कोळशाचे निखारे असत. पुढे समोरच्या बर्फाच्या उतारावर माणसांना वर नेणारी तारेची लिफ्ट आली, शहरातली माणसे स्की घेऊन येऊ लागली आणि आमच्या घराचे पाहुण्यांचे घर झाले. कोळसा जाऊन माझ्या पोटात वीज आली.

विजेचे बटण मात्र यासाबुरोने आपल्या डोक्याने बसवले. पाहुण्यांची पोरे ते सारखे चालू-बंद करतात म्हणून त्याने ते माझ्या मागच्या पायाला, आतल्या बाजूने, अगदी वर लपवले. नवा पाहुणा हमखास चाचपडतो, गोधडीत डोके घालतो, शेवटी हाक मारतो, "अहो, हे चालू कुठून करायचं?" मग त्सुरुयो हसत येते. मला त्या हसण्याचा फार अभिमान वाटे.

माझे कौतुकही खूप झाले. मेजावर संत्र्यांची टोपली, खारवलेल्या पाल्याची बशी, चहा. माझ्याभोवती लोकांनी पत्ते कुटले, लग्ने ठरवली, भांडणे मिटवली. मग यासाबुरो गेला. सून सात्सुकी आली. भिंतीवर गरम वारा सोडणारे यंत्र बसले, खुर्च्या आल्या आणि मला अडगळीच्या खोलीत मोडक्या स्कींशेजारी उभे करून ठेवले. उंदरांनी माझ्या गोधडीत बाळंतपणे केली, मित्रांनो! पण पाहुणे येऊन विचारू लागले, "ती गोधडीची शेगडी कुठे गेली?" तेव्हा सात्सुकीने नाक मुरडत मला पुसून परत आणले. आता माझी जागा प्रवेशाच्या पडवीलगतच्या खोलीत आहे. समोर मोठी काच आहे आणि काचेपलीकडे नवशिक्यांचा उतार.

गेल्या फेब्रुवारीत जोडून आलेल्या सुट्टीला तोक्योहून एक जोडपे आले. नाहोको आणि कियोताका. लग्नाला सात वर्षे झालेली. दोघेही स्की शिकायला प्रथमच आलेले, असे त्यांनी दारातच सांगितले. जागा नाहोकोने ठरवली होती. तिच्या कचेरीतली मैत्रीण येणार होती, ती आजारी पडली, म्हणून खोली हिला मिळाली.

त्सुरुयो चहाचे तबक घेऊन आली. कियोताकाकडे पाहिले आणि तिचे पाऊल अडखळले. तबकातले पेले किणकिणले. लगेच ती गुडघ्यांवर बसली, नेहमीपेक्षा खाली वाकली आणि नेहमीपेक्षा गोड आवाजात म्हणाली, "आमच्या गावात पहिल्यांदाच येणं झालं ना? वाट फार निसरडी. दमला असाल."

"हो, पहिल्यांदाच," कियोताका म्हणाला.

आणि बोलता बोलता त्याने हात गोधडीखाली घातला, न चाचपडता माझ्या मागच्या पायाशी नेला आणि बटण दाबले.

मी आतून गरम झाले ती नुसती विजेने नव्हे. पहिल्यांदा आलेल्या माणसाला हे बटण सापडत नाही. कधीच नाही. हा माणूस इथे आलेला आहे! मग खोटे का बोलतो? आणि आला होता तर कुणाबरोबर?

नाहोकोचे पाय माझ्या डावीकडे होते. ते एकदम आखडले. न चाचपडता गेलेला तो हात तिनेही पाहिला होता.

तिच्या संशयाला आणखी एक कारण होते, ते मला पुढे तिच्याच बोलण्यातून कळले. तिची मावशी समुद्रकाठच्या गरम झऱ्यांच्या गावी एका मोठ्या पाहुणघरात चाकरीला होती. आमच्या धंद्यात एक रीत आहे. जोडीने आलेल्या पाहुण्याला 'पुन्हा आलात, बरं वाटलं' असे कधी म्हणायचे नाही. मागच्या वेळी त्याच्यासोबत कोण होते आणि या वेळी कोण आहे, देव जाणे. ओळख असली तरी गिळायची आणि 'पहिल्यांदाच ना?' असे आपणच विचारून त्याची वाट मोकळी करायची. मावशीने हे हसत हसत भाचीला सांगितलेले होते. आता त्सुरुयोच्या त्या जास्तीच्या गोडव्यात नाहोकोला नेमके तेच ऐकू आले.

त्सुरुयोने नाजूकपणे झाकले आणि झाकल्यामुळेच ते उघडे पडले.

दुसऱ्या दिवशी दोघे उतारावर गेली. काचेतून मी सगळे पाहत होते. नाहोको खरोखर पडत होती. हातपाय चारी दिशांना, मानेत बर्फ. कियोताकाही पडत होता. पण त्याचे पडणे पाहून मला चैन पडेना. तो कुशीवर अलगद बसल्यासारखा पडे आणि त्याच्या टोपीला बर्फाचा कण लागत नसे. इतके चांगले पडणारा माणूस मी पाहिलेला नव्हता.

दुपारी ती परतली. कियोताका अंघोळीला गेला. नाहोको एकटीच माझ्याशी बसली होती, तेवढ्यात सात्सुकी संत्री घेऊन आली.

"तुमच्याकडे जोडपी बरीच येत असतील," नाहोको संत्रे सोलत म्हणाली.

"येतात की. काही हसत येतात, भांडत जातात. काहींचं उलट."

"माझे यजमान पूर्वी कधी आले होते का हो?"

सात्सुकी या घरात नवी. तिला खरेच माहीत नव्हते. "मला नाही बाई आठवत. थांबा, सासूबाईंना विचारते. त्या चेहरा विसरत नाहीत."

त्सुरुयो आली. गुडघ्यांवर बसली. नाहोकोने तोच प्रश्न विचारला.

"छे हो," त्सुरुयो म्हणाली, "आता वय झालं माझं. सगळे पाहुणे सारखेच दिसतात."

"सूनबाई तर म्हणाल्या, तुम्ही चेहरा विसरत नाही."

"सून माझं कौतुक करते, एवढी दुर्मीळ गोष्ट! उगाच का खोटी पाडू? पण नाही हो, नाही पाहिलेलं."

दोघी हसल्या. गोधडीखाली मात्र नाहोकोच्या पायांची बोटे घट्ट मिटली होती. मीसुद्धा मनात म्हटले, त्सुरुयो, तू कुणाला तरी वाचवते आहेस. त्या माणसाने इथे कुणाला तरी आणले होते आणि त्या बाईचे पाय याच गोधडीखाली आले असणार. मी आठवू लागले. किती पाय आठवले! लाल मोज्यांतले, भोके पडलेल्या मोज्यांतले, एकमेकांत गुंतलेले. त्यांत त्याचे पाय काही सापडेनात. तरी माझा निकाल लागलेला होता.

संध्याकाळी जेवताना नाहोको फारसे बोलली नाही. कियोताका दोनदा म्हणाला, "बरं नाही का तुला?" तिने सूप संपवले आणि म्हणाली, "उद्या सकाळच्या बसने मी पुढे जाते. आईकडे थांबेन थोडे दिवस."

"थोडे म्हणजे?"

"ते तूच सांग."

त्याने तिची रिकामी वाटी उचलली. बशा गोळा करू लागला. मला वाटले, अपराधी माणूस असाच दिसतो.

रात्रभर बर्फ पडला. सकाळी नाहोको बॅग घेऊन पडवीत आली आणि बूट घालू लागली. कियोताका मागे उभा.

"नाहोको, ऐक तरी."

"सात वर्षं ऐकतेच आहे. इथं तू कुणाबरोबर आला होतास, एवढं एकच नाव सांग. मी आरडाओरडा करणार नाही."

"कुणाबरोबरही नाही."

"बटण कसं सापडलं मग? वासावरून?"

तेवढ्यात वरून कर्रर्र असा आवाज आला. छपरावर दोन हात बर्फ साचला होता आणि पडवीचे वासे वाकत होते. त्सुरुयो स्वयंपाकघरातून हातात भाताचा पळा तसाच घेऊन धावत आली. वर पाहिले आणि घाबरून, सगळ्या रीतीभाती विसरून ओरडली,

"ए कियो! छप्पर!"

"आलो काकू!"

क्षणाचाही विलंब नाही, मित्रांनो. तो मोज्यांवर होता, तसाच लाकडी खुंटीवरचे रबरी बूट पायात कोंबून मागच्या दाराने गेला. शिडी कुठे आहे विचारले नाही. फावडे कुठे आहे विचारले नाही. पुढच्या घटकेला छपरावर त्याची पावले वाजली आणि बर्फाचे मोठमोठे ठोकळे काचेसमोरून धपाधप कोसळू लागले.

पडवीत नाहोको एका पायात बूट घालून उभी होती. त्सुरुयोने पळा तोंडावर धरला.

"काकू?" नाहोको म्हणाली. "कियो?"

त्सुरुयोने पळा खाली ठेवला. "घात झाला. सात्सुकी, भाताकडे बघ गं!" मग नाहोकोचा हात धरून तिला माझ्याजवळ आणून बसवले. "माफ करा मला. मला वाटलं, तुमच्यापासून लपवण्यासारखं काहीतरी त्यांचं असेल. आम्ही अशा वेळी तोंड शिवून घेतो. तो पाहुणा नव्हता हो. आमचा इसोरो होता."

इसोरो म्हणजे हिवाळाभर पाहुणघरात राहून राबणारी तरुण मुले. पगार नाही; दोन वेळचे जेवण, एक अंथरूण आणि लिफ्टचा पास. सकाळी बर्फ उतरवायचा, भांडी घासायची, खोल्या झाडायच्या आणि उरलेला दिवस डोंगरावर स्की करायचे.

"दोन हिवाळे होता," त्सुरुयो म्हणाली. "मुंगीसारखा कामाला आणि माकडासारखा डोंगरावर. परीक्षा देऊन स्कीचा शिक्षक होणार होता, पण वडील गेले आणि घरी परतावं लागलं."

"आणि बाई?"

"कसली बाई?"

"त्याच्याबरोबर."

"अहो, दिवसभर लोणच्याच्या पिंपात हात घातलेले असायचे त्याचे. त्या वासाला कोण बाई जवळ येणार?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, मला त्याचे पाय का सापडले नाहीत. इसोरो मुले कधी माझ्याभोवती बसत नसत. ती पहाटे पाहुणे उठायच्या आत येत, गोधडी झटकत, सांडलेला चहा पुसत, बटण लावून मला गरम करून ठेवत आणि जात. जे माझ्याजवळ ऐसपैस बसले त्यांची नखेसुद्धा मला आठवत होती. ज्याने दोन हिवाळे माझी निगा राखली, त्याचे हात मी ओळखले नाहीत. वर त्याच्यावर संशय घेतला.

कियोताका आला, भुवयांपर्यंत पांढरा. नाहोकोने त्याला बस म्हटले नाही. तो बसला.

"तू मला म्हणालास, तुला स्की येत नाही."

"तू काय म्हणाली होतीस ते आठवतं? पहिल्या भेटीत? दादा तुला लहानपणी वर घेऊन गेला, 'ये मागोमाग' म्हणाला आणि सरळ खाली निघून गेला. अंधार पडेपर्यंत तू वर रडत होतीस. ज्यांना स्की येतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही, म्हणालीस. मग विचारलंस, तुम्हाला येतं का?"

"आणि तू नाही म्हणालास."

"तू उठून जाशील असं वाटलं."

"आणि काल? ते पडणं?"

"मुद्दाम."

"आणि उतारावरचा तो लाल टोपीवाला शिक्षक मला म्हणाला, तुमच्या यजमानांना या जन्मी जमायचं नाही..."

"तेव्हा जरा लागलं," कियोताका म्हणाला.

त्सुरुयोला हसू आवरेना. नाहोको हसली नाही. काचेबाहेरून बस गेली.

"दुपारी आणखी एक बस आहे," नाहोको म्हणाली. "माझ्यापासून लपवून माझी काळजी घेतलीस, ते मला आवडलेलं नाही. दुपारी ठरवते. आधी मला वर ने. आणि खबरदार पडलास तर."

मी काचेतून पाहत राहिले. लिफ्टमधून दोघे उतरली. नाहोको कडेला आली आणि थिजली. मला वाटले, आता तो झपकन खाली येणार. इतकी वर्षे दाबून ठेवलेली हौस आहे. तो तिच्यापुढे गेला, वळला आणि उलटा खाली येऊ लागला. पाठ दरीकडे, तोंड तिच्याकडे, दोन्ही हात पुढे पसरलेले. इतका सावकाश, की शेजारून चिमुरडी पोरे पुढे निघून जात होती. ती थांबली की तो थांबे. ती पडली की तो उभा राही, पण आता पडत नसे. शेवटच्या वळणावर तिने त्याचे हात बाजूला सारले आणि एकटी, हेलकावे खात, आमच्या काचेपर्यंत आली.

दुपारची बस दारात थांबली, भोंगा वाजवला आणि रिकामी गेली.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. माझे लाकूड थंडीत करकरते, उद्या सात्सुकी पुन्हा खुर्च्या मांडील. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. तुम्हाला एकच मागणे आहे. कुठेही ऊब मिळाली, की ती तुम्ही येण्याआधी कुणी करून ठेवली हे तेव्हाच विचारा. तो माणूस बहुधा समोर बसलेला नसतो. पलीकडे भांडी घासत असतो. त्याला हाक मारा आणि थोडे सरकून बसा.