आधी काय कराल?

“अगं, हळू फिरव ना! मी पेशंट आहे, विहिरीतली बादली नाही.”

हे गाऱ्हाणं माझ्याच गादीवर पडून चाललं होतं. पडलेली होती ती नणंद, माझं हँडल फिरवत होती ती तिची वहिनी, आणि दोघींच्या मध्ये कुरकुरत होते ती मी. त्या दुपारी पुढे काय झालं ते सांगतेच, पण आधी माझी थोडी ओळख करून देते.

मी एक जुनी लोखंडी खाट आहे, मित्रांनो. दवाखान्यातली. माझ्या पायथ्याशी दोन हँडलं आहेत. एक फिरवलं की पेशंटचं डोकं वर येतं, दुसरं फिरवलं की पाय. चुकीचं फिरवलं की पेशंटचा आवाज वर येतो.

माझा जन्म एका कारखान्यात, वेल्डिंगच्या ठिणग्यांमध्ये झाला. शेवटी रंगारीमामांनी माझ्या अंगावर पांढरा रंग चढवला, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि म्हणाले, “देखणी झालीस. आता तुझ्यावर निजायची वेळ कुणावर न येवो.” आशीर्वाद मनापासून होता, पण खाटेला तो लाभायचा कसा? वॉर्डात पोचले त्याच दिवशी माझ्यावर एक आजोबा येऊन पडले. ते बरे झाले, पण घरी जायला तयार होईनात. “इथे पाठ सरळ राहते आणि सून बोलत नाही,” म्हणाले. सून शेजारीच उभी होती. ती मग वाटभर बोलली असणार.

माझे ते दिवस फार सुखाचे गेले. हेडसिस्टर नव्या नर्सना माझ्यापाशी आणून म्हणायच्या, “चादर कशी घालायची ते या खाटेकडून शिका.” मी अभिमानाने इतकी ताठ व्हायचे की एकदा हँडलच अडकलं.

पुढे बटणांच्या खाटा आल्या. बोट टेकवलं की आपोआप वरखाली. मला मागच्या व्हरांड्यात ढकललं. माझ्या उशाकडच्या गजांवर ओली फडकी वाळू लागली, गंज चढला, आणि माझ्या गादीवर एका मांजरीने संसार थाटला. मित्रांनो, वस्तू म्हातारी झाली म्हणून तिच्यावर ओलं फडकं टाकू नका. तिला तेलाचा थेंब द्या. मांजरीचं मात्र मला काही वाटलं नाही, निदान ती ऊब देत होती.

दवाखान्याच्याच आवारात नर्सिंगची शाळा होती. तिथल्या मॅडमना सरावासाठी खाट हवी होती. त्यांनी मला उचलून नेलं, घासलं, तेल दिलं, आणि मी पुन्हा कामाला लागले. आता माझ्यावर आजारी माणसं नव्हती. धडधाकट मुली पडायच्या, कण्हायच्या आणि मध्येच फिदीफिदी हसायच्या. इतकी मजा मी वॉर्डात कधी पाहिली नव्हती.

पण या शाळेत एक मोठी परीक्षा असते. ती मॅडम काढत नाहीत. सगळ्या नर्सिंग शाळांना तीच, कॉम्प्युटरवर. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं, आणि पुष्कळदा चारही बरोबर! विचारलेलं असतं, ‘आधी काय कराल?’ वॉर्डातलं काम कितीही सोन्यासारखं असो, या परीक्षेत ठरलेले मार्क पडल्याशिवाय शेवटच्या वर्षाचा निकाल मिळत नाही. बसायला तीनदा मिळतं. तिसऱ्यांदाही राहिलं की शाळेतून नाव कमी.

वहिनी दोनदा राहिली होती. नणंद पहिल्या फटक्यात पास.

सगळा वर्ग तिला वहिनीच म्हणायचा. घरी जेव्हा एकीलाच शिकवायचं घाटत होतं, तेव्हा हीच सासऱ्यांसमोर उभी राहिली होती. “वन्सं आणि मी दोघी जाऊ. नाहीतर दोघी घरी बसू आणि दिवसभर तुमच्याशी गप्पा मारू.” सासरे मितभाषी. त्यांनी दोघींची फी भरली.

आणि तिचे हात! वॉर्डात कुणी नुसतं “सिस्टर, मला जरा...” म्हणायचा अवकाश, त्याच्या मानेखाली उशी हजर. त्याला खरं तर खिडकी लावून हवी असायची. पण एवढ्या मायेने आलेली उशी नको कोण म्हणणार? तो थंडीत कुडकुडत तिच्याकडे बघून हसायचा.

वहिनी नापास झाली की सगळे तिची समजूत घालायचे. मॅडम म्हणाल्या, “यंदा पेपरच कठीण होता.” नवरा म्हणाला, “मशीनला काय कळतं माणसाचं?” सासूबाईंनी दोष परीक्षेतल्या खुर्चीवर ढकलला आणि पुढच्या वेळी न्यायला उशी शिवून दिली. नणंद फक्त नखं कुरतडत बसायची.

मग आली तिसऱ्या परीक्षेची आदली दुपार. वर्ग सुटला होता. नणंद प्रश्नांचा कागद घेऊन माझ्यावर आडवी झाली. हँडल हळू फिरवण्याबद्दल तिचं गाऱ्हाणं झालं ते याच वेळी. वहिनीने मला पुन्हा सपाट केलं आणि पदर खोचून उभी राहिली.

“ऐक हं,” नणंद म्हणाली. “एका बाईंचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेत. काल उठताना त्यांना चक्कर आली...”

“पाय वर!” वहिनीने माझ्या हँडलवर झडप घातली.

“...होती, पण आज...”

“घाबरू नका, बाई! मी आहे ना!”

गरगर हँडल फिरलं. नणंदेचे पाय वर गेले, वेणी खाली लोंबायला लागली आणि कागद घसरून तोंडावर आला.

“बरोबर ना, वन्सं?” वहिनी घाम पुसत म्हणाली. “हा प्रश्न तरी मला...”

“वहिनी...” कागदाखालून आवाज आला.

“काय गं? पाणी देऊ?”

“नको!”

वहिनी दचकली. मीही. नणंदेने तोंडावरचा कागद काढला. तिचा चेहरा लाल झाला होता. थोडा रागाने आणि थोडा डोकं खाली असल्यामुळे.

“वहिनी, पेपर कठीण नव्हता. मशीन बिघडलं नव्हतं. खुर्चीसुद्धा चांगली आहे, मी बसलेय तिच्यावर. तू प्रश्न पुरता वाचतच नाहीस. अर्ध्यातच त्या बाईंना वाचवायला धावतेस. वॉर्डातही तेच, घरीही तेच. तू माझ्यासाठी भांडलीस म्हणून मी दोन्ही वेळा गप्प बसले. पण इतक्या वर्षांत तू माझं एक वाक्य संपू दिलं नाहीस गं. त्या बाईंना आज बरं वाटतंय. त्यांना फक्त उठून बसायचंय.”

वहिनीने तोंड उघडलं. नणंद सवयीने थांबली.

वहिनीने तोंड मिटलं. हँडलवरचा हात काढला, स्टूल ओढलं आणि माझ्या कडेला टेकून बसली.

“वाच,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत.”