अर्कनाथाचा तुरुंग आणि दुर्गाबाईंचा अर्ज

माझ्या कादंबरीचा नायक अर्कनाथ काळ्या दगडाच्या मनोऱ्यात बारा वर्षं निरपराध कैदेत होता. राजाची मुद्रा त्याने चोरली नव्हती. ती सेनापतीने चोरली होती आणि हे पहिल्याच प्रकरणात राजा सोडून सगळ्यांच्या लक्षात येत होतं. बारा वर्षांत अर्कनाथाने एकदाही कुरकुर केली नाही. रोज उगवत्या सूर्याकडे पाहून तो एक लांबलचक वाक्य बोलायचा. ती वाक्यं मला फार आवडायची. कैदेचा माझा स्वतःचा अनुभव एवढाच, की एकदा अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या घरी न्हाणीघराची कडी अडकली आणि मी वीस मिनिटं आत होतो. पाचव्या मिनिटाला मी रडकुंडीला आलो, असं माझी बायको रूपाली सांगते. माझ्या आठवणीप्रमाणे दहाव्या.

पुस्तकाचं प्रकाशन अमरावतीला राजापेठेत झालं. तिथल्या एका शिकवणीत मी आठवड्यातून तीन दिवस अकोल्याहून मराठी शिकवायला जातो. बावीस माणसं जमली. त्यातले सतरा माझे विद्यार्थी होते आणि त्यांना सुटका नव्हती, कारण कार्यक्रम मी तासाच्या वेळेतच ठेवला होता.

भाषणानंतर मी विचारलं, कोणाला काही शंका? मागच्या बाकावरून पन्नाशीच्या एक बाई उठल्या. आरती नावाच्या माझ्या विद्यार्थिनीची आई, दुर्गाबाई. लेकीला भेटायला अचलपूरहून आल्या होत्या.

"सर, तुमच्या माणसाले रातची झोप कशी लागे?"

"साधनेनं," मी म्हणालो.

"असंन. आमच्या बराकीत चाळीस बाया होत्या. कूस पालटायची त शेजारणीले सांगा लागे."

आरतीने मान खाली घातली नाही. मी घातली.

चहाच्या वेळी आरतीने सगळं सांगितलं. दुर्गाबाई गावच्या देवीच्या मंदिराला फुलं पुरवायच्या. देवीचं चांदीचं छत्र नाहीसं झालं आणि पहाटे गाभाऱ्याजवळ जाणारी बाई म्हणून त्यांना धरलं. अकरा महिने त्या आत होत्या. पुढे छत्र एका विश्वस्ताच्या पुतण्याकडे सापडलं आणि कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं.

हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती. पण डोक्यात पहिला विचार आला तो दुसऱ्या आवृत्तीचा. पहिली तर अजून खोक्यातून बाहेरही निघाली नव्हती. पुढच्याच रविवारी नवी कोरी वही घेऊन मी अचलपूरच्या बसमध्ये बसलो.

दुर्गाबाई वाडीत शेवंती तोडत होत्या. माझ्या हातातली वही पाहून त्यांनी दुसऱ्या हातात टोपली दिली. फुलं तोडता तोडता मी विचारलं, "तिथं कोणत्या विचारानं बळ दिलं तुम्हाला?"

"इचार कायचा जी? नळाचा नंबर धरा लागे. तारीख आली का गाडी नसे, गाडी आली का साहेब नसे. पयले तीन महिने मी नुसती रडली. मंग एकीचं डोकं इंचरून देलं. मंग दुसरीचं. मंग साऱ्याच रांगेत बसू लागल्या."

त्यांनी माझ्या टोपलीतली दोन किडकी फुलं काढून टाकली.

"आरती भेटाले आली का मी सांगो, जेवण चांगलं भेटते. ते सांगे, वाडी चांगली हाय. जेवण चांगलं नव्हतं. आन् वाडी वाळून गेली होती. आमी दोघी एकमेकीले खोटं सांगून राहिलो होतो, आन् दोघीले मालूम होतं."

मी वहीत काहीच लिहिलं नाही. अर्कनाथाला भेटायला बारा वर्षांत एक गरुड सोडून कोणी आलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता मंदिरवाले फुलं घेत नाईत. मी सुटली काहून, तर म्हणे वकील चांगला होता. तुमी लिहिता ना? मले एक अर्ज लिहून द्या."

मी तिथेच बांधावर बसून दोन पानं लिहिली. सुरुवात होती, 'अन्यायाच्या निबिड अंधारात होरपळलेली मी एक अबला.' आरतीने ती वाचून दाखवली.

"हे बाई कोण व्हय?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"तुम्हीच."

"मले वाटलं, तुमचा अर्कनाथ हाय."

चार वेळा लिहिलं आणि दर वेळी अर्ज लहान होत गेला. शेवटी एवढाच उरला: मी छत्र चोरलं नाही. अकरा महिने तुरुंगात होते. कोर्टाने निर्दोष सोडलं. छत्र कुठे सापडलं ते सर्वांना माहीत आहे. हे सभेत वाचावं आणि लिहून ठेवावं. मी आजवर लिहिलेलं सगळ्यात बरं पान ते हेच, आणि त्यात माझं एकही वाक्य नव्हतं.

मंदिराच्या विश्वस्तांची सभा पंधरा दिवसांनी सकाळी होती. मायलेकी बाजाराच्या टोपल्या घेऊनच आल्या होत्या. सचिव म्हणाले, अर्ज पुढच्या वेळी पाहू. मी तावातावाने उभा राहिलो, "सन्माननीय विश्वस्तहो," म्हणालो आणि पुढचं विसरलो. सगळे अदबीने वाट पाहत होते. कोणीतरी मला पाणी दिलं. मी ते पिऊन खाली बसलो.

तेवढ्यात मंदिराचे म्हातारे झाडूवाले नत्थुजी दाराशी उभे राहिले. दुर्गाबाईंना पिशवी घेऊन गाभाऱ्यातून निघताना पाहिलं, असा जबाब त्यांनीच दिला होता.

"मी हिले पायलं नव्हतं," ते म्हणाले. "मले सांगाले लावलं होतं."

कोणी लावलं, हे कोणी विचारलं नाही. विश्वस्त छताकडे पाहू लागले. सचिवांनी अर्ज उचलला, मोठ्याने वाचला आणि इतिवृत्तात उतरवून घेतला. मग घसा खाकरून म्हणाले, "मंगळवारपासून फुलं तुमचीच."

"नको," दुर्गाबाई म्हणाल्या. "लिहून ठेवलं, तेवढं पुरे. फुलं मी परतवाड्याच्या बाजारात देते."

बाहेर नत्थुजी हात जोडून उभे होते. दुर्गाबाई त्यांच्यासमोर थांबल्या. "लई उशीर केला, नत्थुजी," एवढंच बोलून त्या पुढे चालू लागल्या.

रस्त्यावर आल्यावर मला राहवलं नाही. "त्यांना माफ केलं का तुम्ही?"

"आजच त बोलला तो," दुर्गाबाई म्हणाल्या. "पाहू."

परतवाड्याचा ऑटो येत होता. आरतीने हात केला आणि दोघी मायलेकी टोपल्या मांडीवर घेऊन मागच्या सीटवर दाटीने बसल्या.