चार सेकंदांची घाई

मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे, मित्रांनो. रंग निळा, दारावर सतरा आकडा. संग्रहालयात दोरीपलीकडून मुलं विचारतात, "ही किती पळते?" आता मी कसली पळतेय! टाकीत पेट्रोलचा थेंब नाही.

अर्मेल मिस्त्रीने आपल्या शेडमध्ये लाकडी हातोडीने ठोकून ठोकून माझा पत्रा घडवला. माझा चालक रेमी, हसरा आणि उतावळा. आमची शर्यत चोवीस तासांची. पहिल्या वर्षी माझं इंजिन अर्ध्यावरच बसलं. दुसऱ्या वर्षी आम्ही जिंकलो! लोकांनी माझ्यावर शॅम्पेन ओतली, रेमीच्या बायकोने, ओदीलने, माझ्या नाकाचा मुका घेतला. खरं सांगते, मी फुगून गेले होते.

तेव्हा गाड्या रस्त्याच्या एका कडेला उभ्या असत आणि चालक समोरच्या कडेला. दुपारी चारला झेंडा पडला की धावत यायचं, उडी मारून बसायचं आणि सुटायचं. सीटचा पट्टा लावत कोण बसणार? तो पुढे सरळ रस्त्यावर, गुडघ्यांनी स्टिअरिंग धरून लावायचा. सगळे तसंच करत, वर त्याची फुशारकीही मारत.

तिसऱ्या वर्षी अर्मेल म्हणाला, "यंदा पट्टा लावूनच नीघ. चार सेकंद गेले तर गेले."

"अरे म्हाताऱ्या, चार सेकंदांत दहा जण पुढे जातील! तू आपली चाकं बघ."

"गेल्या खेपेला पट्टा पायात अडकला होता, विसरलास?"

"मग खोच की सीटमागे!"

अर्मेल कुरकुरला. पण आपली गाडी सगळ्यांत आधी निघावी, हा मोह त्यालाही होताच. त्याने पट्टा सीटमागे खोचला.

आम्ही सगळ्यांच्या आधी सुटलो. सरळ रस्ता लागताच रेमीने हात मागे घातला. पट्टा हाताला लागेना. त्याने मान वळवली आणि तेवढ्यात वळण आलं. मी बांधावर आदळले, उलटले. रेमी बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. माझी सीट मात्र जशीच्या तशी होती. तिला साधा ओरखडाही नव्हता.

आठवड्याने ओदील त्याचे हातमोजे न्यायला शेडमध्ये आली.

"तुम्ही त्याला बजावलं नाहीत?"

"बजावलं होतं गं," अर्मेल म्हणाला. "पण पट्टा मागे खोचला तो मीच."

ती हातमोजे घेऊन निघून गेली.

पुढे कितीतरी वर्षं मी ताडपत्रीखाली पडून होते. उंदरांनी माझ्यात संसार थाटले. मग मला रंगवून इथे आणलं. दर जूनमध्ये अर्मेल काठी टेकत यायचा. रखवालदार गुपचूप दोरी उचलायचा. अर्मेल वाकून रिकाम्या सीटवर पट्टा लावायचा, ओढून पाहायचा, मग सोडवून परत जायचा.

गेल्या वर्षी त्याने तो सोडवला नाही. यंदा जून सरला, अर्मेल आला नाही.

मित्रांनो, माझा वेग विसरलात तरी चालेल. घरी जाताना गाडीत बसलात की आधी पट्टा लावा. चारच सेकंद लागतात. मी मोजलेत.