पाव नंबरची लबाडी

"दोन्ही दंडांवर काळेनिळे डाग, आणि म्हणे आपटले!" धाकट्या बहिणीने ताईची बाही वर सरकवली होती आणि ती भाऊजींकडे बघत होती, नेमके सांगायचे तर त्यांच्या हातांकडे.

"तोल जातो गं माझा. हे कसले मारतायत! झुरळ दिसलं तरी मलाच हाक मारतात."

ताई हसली. तो हसला नाही. बायकोला मारणारा नवरा ठरणे त्याला त्या क्षणी सोयीचे वाटले, यावरून त्याच्या सदसद्विवेकाची अवस्था ताडता येईल.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासत असे. या धंद्यात एक सभ्य लबाडी रूढ आहे. गिऱ्हाईक कुरकुरत परत आले की काच आत न्यायची, न सांगता पाव नंबर इकडेतिकडे करायचा आणि विचारायचे, "आता?" बहुतेक जण म्हणतात, "हां, आता कसं स्वच्छ!" कधीकधी तर काच नुसती पुसून आणलेली असते. त्यांतले किती जण निव्वळ भिडेपोटी हो म्हणतात, हे कोणी विचारत नाही.

बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. शरीर स्वतःच्याच मज्जातंतूंचे आवरण कुरतडत होते; नजर धूसर, पाय जड, दुपारपर्यंत अंगातले बळ सरलेले. हा दोष कोणत्याही काचेच्या आवाक्यातला नव्हता. कुठेतरी त्याने वाचले की, अ‍ॅस्पिरिनने या रुग्णांचा थकवा उतरतो, कदाचित. त्यातले 'कदाचित' त्याने, असंख्य सुशिक्षितांप्रमाणे, वगळून वाचले आणि तिच्या सकाळच्या गोळ्यांत एक गोळी वाढवली. तिला वेष्टनावरची अक्षरे दिसत नव्हती. रोज संध्याकाळी तो विचारी, "आता?" ती म्हणे, "बरं वाटतंय हल्ली."

त्याच दिवशी इस्पितळात तपासणीसाठी तिच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढायचे होते. डॉक्टरीणबाईंनी डाग पाहिले.

"रक्त पातळ करणारं काही घेता?"

"छे! औषधं हेच देतात. अगदी डोळ्यांत तेल घालून."

दाराशी मेहुणी उभी होती.

"अ‍ॅस्पिरिन," तो म्हणाला. "मी देतो. रोज. हिला न सांगता."

"कोणाच्या सल्ल्याने?"

"वाचलं होतं. पण फरक पडलाय, बाई. विचारा हिला."

"थोड्या लोकांवर अभ्यास झालेत. थकव्याला उपयोग होईलही. खात्रीने कोणीच सांगत नाही. आजार थांबतो असं तर कोणी दाखवलेलंच नाही. रक्तस्राव मात्र वाढू शकतो; हे डागही त्यातलेच असावेत. आज सुई नको, आधी रक्त तपासू."

बायको हळूच म्हणाली, "फरक काही नव्हता हो. तुम्ही इतक्या आशेने विचारायचात, म्हणून म्हणायचे."

मेहुणी आली होती ती मारहाणीवर भांडायच्या तयारीने. याच्यासाठी तिच्याकडे शिवी नव्हती.

दुसऱ्या सकाळी बायकोने गोळ्या वेष्टनांसकट तळहातावर घेतल्या आणि हात बहिणीपुढे धरला. "वाच गं. एकेक."

बहीण वेष्टने बघून नावे सांगत गेली. तो पेला धरून उभा होता. शेवटी बायकोने दुसरा हात पुढे केला, पेला घेतला, ओठांपाशी नेला आणि ती थांबली.

"पाणीच आहे ना हे?"

बहिणीला हसू फुटले.

"पाणीच," तो म्हणाला.

तिने आधी वास घेतला.