विहिरीचा कागद

त्र्याहत्तरच्या दुष्काळाचा उन्हाळा. बेंबळीजवळच्या त्या गावात एकट्या आबारावांच्या विहिरीला पाणी उरलं होतं, आणि आबाराव वारून पंधरा दिवस झाले होते.

त्यांची मुलगी सत्यभामा नळदुर्गला शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. सोमवारी तिला तिकडं परतायचं होतं. शनिवारी सकाळी ती आईबरोबर विहिरीवर गेली, तेव्हा बौद्धवस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उन्हात बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या घागरींत पाणी ओतायचं काम आबाराव स्वतः करत. अंगात ताप असतानाही त्यांनी ते चुकवलं नव्हतं. आता दुसऱ्या कुणाला सवड होईल तोवर त्या थांबत.

"पोहरा इथंच आहे की. घ्या ना शेंदून," सत्यभामा म्हणाली.

कोणी हललं नाही.

"आज तुमी म्हणता म्हणून घिऊ, ताई," त्यांच्यातली केशरबाई म्हणाली. "सोमवारी तुमी गेल्यावर काय?"

सत्यभामाचे चुलते आण्णासाहेब कठड्याजवळच होते. "एक गडी लावतो पाणी ओतायला. कुणी तहानलेलं राहणार न्हाय. झालं?"

"बाबांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही," सत्यभामा हळूच म्हणाली.

"न्हाय म्हणलं न्हाय, खरं हाय. लई भला माणूस. त्यांच्यासाठी मी बी रडले. पर वीस वर्सांत पोहरा काय हाती दिला न्हाय." केशरबाई पुढं बोलतच राहिली. "देश स्वतंत्र झाला तवा दिल्लीत माणसं बसली. तीन वर्सं एकेका शब्दावर भांडली. भलीच व्हती की सारी. मग भलेपणावर का सोडलं न्हाय? लिहून का ठिवलं? त्यात विहिरीचं बी नाव हाय, ताई."

राज्यघटनेतलं ते कलम सत्यभामा दरवर्षी फळ्यावर लिहायची. घटना किती दिवसांत तयार झाली, हे परीक्षेत विचारायची. वडिलांच्या चांगुलपणामुळे घरच्या विहिरीकडे तिनं कधी त्या नजरेनं पाहिलंच नव्हतं.

"मास्तरीणबाई, ते सार्वजनिक विहिरीचं," आण्णासाहेब म्हणाले. "ही खासगी हाय."

"मग सार्वजनिक करू, काका."

"आबानं हे केलं नसतं."

"नसतं केलं," इतका वेळ ऐकत उभी असलेली सत्यभामाची आई मथुराबाई म्हणाली. "म्हणूनच आपण करायचं. विहीर आता आमा मायलेकींची हाय. लिही बाई, मी अंगठा देते."

सत्यभामानं ग्रामपंचायतीच्या नावे कागद लिहिला: ही विहीर आजपासून साऱ्या गावाची, ज्यानं त्यानं आपल्या हातानं पाणी शेंदावं. केशरबाईनं आणखी एक ओळ घालायला लावली: आधी येईल त्याचा आधी नंबर.

"म्हंजे मी बी रांगेत?" आण्णासाहेबांनी विचारलं.

"व्हय की. प्रधानमंत्री बी एकच मत टाकत्यात, आण्णासाहेब."

बायका हसल्या. आण्णासाहेब तणतणत निघून गेले.

सोमवारी सकाळी कागद पंचायतीत वाचला गेला. केशरबाईनं पोहरा विहिरीत सोडला आणि आपली घागर आपल्या हातानं भरली. आण्णासाहेब रांगेत सहावे होते. तोंड फिरवून उभे होते, पण उभे होते. सत्यभामा एसटीत बसली ती निर्धास्त मनानं. आता कोणाच्या असण्या-नसण्यावर पाणी थांबणार नव्हतं.

वाचकहो, भल्या माणसाची दया त्याच्याबरोबर जाते. आपल्या देशानं दयेऐवजी हक्क लिहून ठेवला. तो दिल्लीतून आपल्या विहिरीपर्यंत आणायचं काम मात्र तुमचं-आमचं आहे.