मर्सियाला कोणाच्या रांगेत बसवायचं?

मर्सिया सजवलेल्या ट्रकवरून डोक्यावर आपटली आणि शुद्धीवर येताच तिने पहिलं काय विचारलं, तर विग कुठे आहे. बाई शाबूत आहे हे मला तिथेच कळलं. पण आमच्या गाण्याच्या टोळीचे कॅप्टन रशाद, आम्हा सगळ्यांचे 'बुटा' म्हणजे थोरले भाऊ, यांना एवढ्याने कुठलं पटायला! दोन जानेवारीला सगळ्या टोळ्या गात-नाचत केप टाउनच्या रस्त्यावर उतरतात, आणि आमच्या पुढे छत्री नाचवत, गाणं उचलून देत चालते ती मर्सिया.

"डोकं ठीक आहे असं डॉक्टरकडून लिहून आण," बुटा म्हणाले. "नाहीतर यंदा पुढे दुसरं कोणीतरी."

मर्सियाचा चेहराच उतरला. पुरुषाच्या नावाने वाढलेल्या या पोरीला आमच्या गल्लीने बाई म्हणून पहिली टाळी दिली ती त्या मिरवणुकीत. पहिल्या दवाखान्यात तिला ते जुनं नाव घेऊन पुकारलं, तर तिने तोंडच उघडलं नाही. त्यांनी बिनदिक्कत लिहून टाकलं, हिला काही आठवत नाही. माझं असं डोकं फिरलं, की शिलाई मशीन तशीच टाकून मी तिला डॉ. बुसिस्वांकडे नेलं.

त्या मेंदूच्या चाचण्या घेतात. त्यांनी आधी विचारलं, हाक काय मारू. मग म्हणाल्या, "तुमचे गुण इतरांच्या गुणांशी ताडून बघावे लागतात. बायकांचा तक्ता वेगळा, पुरुषांचा वेगळा. तुमचे कुठे ताडू?"

"हा काय प्रश्न झाला, डॉक्टर?" मर्सियाने माझ्याकडे बोट केलं. "हा ड्रेस या गदिजाने उगाच शिवलाय?"

"छान शिवलाय. तरी मी दोन्ही बघेन, आणि दोन्ही तुम्हाला सांगेन."

मी बाहेर बसले. थोड्या वेळाने आतून चक्क गाणं ऐकू यायला लागलं. डॉक्टरांनी शब्दांची यादी वाचली होती आणि मर्सिया ती चालीवर परत म्हणत होती, प्रत्येक शब्द दोनदा. आमच्या गाण्यात पुढचा म्हणतो, मागचे उत्तर देतात. मागे कोणी नव्हतं, म्हणून उत्तरही तिनेच दिलं. चाचणीत शब्द पुन्हा म्हटला की चूक धरतात. आमच्याकडे नाही म्हटला की शिव्या बसतात. डॉक्टरांनी कारण विचारून घेतलं आणि नवी यादी दिली, या वेळी न गाता.

निकाल ऐकायला मलाही आत बोलावलं. पुरुषांच्या तक्त्यावर स्मरणशक्ती उत्तम. बायका शब्द जास्त लक्षात ठेवतात म्हणे, म्हणून त्यांच्या तक्त्यावर तेच गुण जरासे कमी.

"पुरुषांचाच लिहून घे गं," मी कुजबुजले. "बुटांच्या तोंडावर मार आणि मोकळी हो."

"गप बस, गदिजा." तिचे डोळे भरले होते आणि तरी ती खुदकन हसली. "जन्मभर बायकांत बसायला धडपडले, आणि बसवलं तर शेवटच्या बाकावर. राहू दे. पुरुष होऊन पुढे चालण्यापेक्षा मी घरी बसेन."

डॉक्टर म्हणाल्या, "हे दोन्ही तक्ते करताना तुमच्यासारखं कोणी विचारातच घेतलं नव्हतं. नुसत्या आकड्यावर मी काही लिहिणार नाही. तुमचं काम बघायचंय."

शनिवारी त्या खरंच आमच्या तालमीला आल्या. मी पाकात बुडवून नारळ भुरभुरलेले गोड वडे, आमचे कुसिस्टर, त्यांच्या हातात दिले. मर्सियाने छत्री उघडली, ढोल सुरू झाले, दोन कडवी झोकात गेली आणि तिसऱ्याला ती थांबली. विसरली. ढोलही अडखळले.

मर्सियाने छत्री गरकन फिरवली आणि जागच्या जागी नवं कडवं रचलं: कुसिस्टर खाणाऱ्या, बोटं चाटणाऱ्या, मेंदू मोजणाऱ्या बाईंवर. अख्खी टोळी खिदळत उत्तर देऊ लागली. डॉक्टरांना ठसका लागला.

मग त्या बुटांकडे वळल्या. "अपघाताआधी हिला तिसरं कडवं यायचं?"

बुटांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "खोटं कशाला बोलू? एकाही वर्षी नाही."

"मग मी तेच लिहिते. ही आधी होती तशीच आहे."

बुटा मर्सियापुढे जाऊन उभे राहिले. "चल पोरी, पहिल्यापासून घे," ते म्हणाले, आणि स्वतः तिच्या मागे रांगेत जाऊन उभे राहिले.